मुलीच्या नावाचा पास

३ फेब्रुवारी

वहिनी,

आज सकाळी आई गेली. पहाटे धाप लागली. दादा नुकताच कामावरून आला होता, तो गाडी आणायला खाली गेला आणि परत येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी तिचे तळपाय चोळत होते. आधी डॉक्टर आले, मग शेजारचे, मग माझ्या चष्म्याच्या दुकानातली दोघं. दुपारपर्यंत सगळं उरकून आम्ही घरी आलो. दादा आंघोळ करून झोपला. मी चादरी भिजत टाकल्या.

तुमचा जुना नंबर लागत नाही. पत्ता तुमच्या मावशींनी दिला, तोही सहजासहजी नाही. "वर्षभर कोणी विचारलं नाही, आता काय काम काढलंत?" म्हणाल्या. मी कारण सांगितल्यावर एकेक अक्षर सावकाश सांगितलं.

तिला त्रास फार झाला नाही. छातीत कफ होता. शुद्ध शेवटपर्यंत होती. काल संध्याकाळी मी तिच्या अंगावर पांघरूण घातलं तर म्हणाली, "उलट." शिवण वर आली होती. मी ते सुलट केलं. त्यानंतर ती काही बोलली नाही. तुम्हाला हे कळवायला हवं असं वाटलं, कारण तुम्ही तिला बोलती केलीत तेव्हा पहिला शब्दही हाच होता.

आज जो आला तो माझ्याकडे बघून एकच बोलत होता. "मुकी झालेली आई बोलती केलीस. पोटच्या पोरीशिवाय कोण करतं एवढं?" मी म्हटलं, "मी नाही, वहिनींनी केलं ते." समोरच्या काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि शेजारी बसलेलीला म्हणाल्या, "बघा हो, एवढं होऊनसुद्धा भावजयीला झाकते. गुणाची पोर." माझी पन्नाशी जवळ आली, वहिनी. गुणाची पोर. मी चहा टाकायला आत गेले.

तुम्ही यावं असं मी म्हणत नाही. कळवलं.

तुमची नणंद


११ फेब्रुवारी

वहिनी,

आज हॉस्पिटलच्या नव्या डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. तुमच्या वेळच्या बोलायला शिकवणाऱ्या बाई नोकरी सोडून परदेशी गेल्या आणि त्यानंतर ह्या आल्या. माणूस चांगला आहे. चपला बाहेर नीट जोडून ठेवल्या, आईच्या शिवणाच्या मशीनसमोर उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "तुमची पद्धत आम्ही आता आणखी पेशंटवर वापरतो. त्यावर छोटी पुस्तिका काढायची आहे. तुमचं नाव घालू ना?"

मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. काय सांगितलं ते तुम्हालाही लिहिते, म्हणजे काही चुकलं असेल तर तुम्ही दुरुस्त कराल.

मी म्हटलं, मेंदूला झटका आल्यावर आईची वाचा गेली. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, शिवणाचे वर्ग घेतले, अख्ख्या गल्लीला बोलून दमवलं, ती बाई नुसती बघत बसायची. हॉस्पिटलात तिला चित्रं दाखवायचे. सफरचंद, घोडा, छत्री. ती तोंड फिरवायची. उपचाराच्या खोलीत एकच नातेवाईक सोडायचे आणि तोही रक्ताचा, असा तेव्हा नियम होता. दादाच्या कामाची वेळ रात्रीची, म्हणून पास माझ्या नावाचा निघाला. पण मला दुकानातून रोज सुटी मिळेना. मालक म्हणाले, काचा बसवणार कोण? मग माझा पास घेऊन वहिनी जायला लागल्या. पासवर फोटो नव्हता. गेटवर माझ्या नावाची सही करायच्या आणि आत जायच्या. आत सगळे त्यांना मुलगीच समजायचे. आईही काही सांगू शकत नव्हती.

पुढचं सांगताना मला जरा हसू आलं. मी म्हटलं, वहिनी एकदा तिथे बसून आपल्या झग्याला बाही जोडत होत्या. घाईत बाही उलट लागली. आईने बघितलं. मान हलवली, हात हलवला, चेहरा लाल झाला, आणि तोंडातून निघालं, "उलट!" त्या दिवसापासून वहिनी मुद्दाम चुका करायला लागल्या. काज बटणापेक्षा लहान. खिसा पाठीवर. गळा इतका मोठा की डोक्याऐवजी खांदे जातील. आई चित्रातल्या घोड्यासाठी तोंड उघडत नव्हती, पण वाईट शिवण तिला सहन होईना. एकेक शब्द रागाने बाहेर पडायला लागला. बाही. टाका. घट्ट. मूर्ख. "मूर्ख" आल्यावर वहिनींनी घरी येऊन सणाचा शिरा केल्यासारखा आनंदी चेहरा केला होता आणि सगळ्यांना सांगितलं होतं, "आज मला आई मूर्ख म्हणाल्या!"

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्या वहिनी तुम्हाला मदत करायच्या, हे किती छान."

मी म्हटलं, "मदत नाही. मी काहीच केलेलं नाही. मला सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो आणि चष्मा लावला तरी ओवता येत नाही."

त्या हसल्या. "आमच्याकडे नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीत 'मुलगी' लिहिलंय. आणि गेलं वर्षभर मी स्वतः तुम्हाला आईंबरोबर येताना पाहिलंय. दुःखात माणसाला असं वाटतं की आपण काहीच केलं नाही. मी रोज बघते."

गेलं वर्षभर मी गेले ते खरं. आई पडल्याचा दोष घेऊन तुम्ही निघून गेल्यावर दुसरं कोण जाणार होतं? आई तोपर्यंत चांगली बोलत होती. मी नुसती शेजारी बसायचे.

जुन्या बाईंना परदेशात निरोप पाठवा असं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या तुम्हाला चेहऱ्याने ओळखतात. निरोप पाठवते म्हणाल्या.

दादा जेवतो आहे, कामावर जातो आहे. लिफ्ट दुरुस्तीची कामं सध्या जास्त आहेत.

तुमची नणंद


२० फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. चार ओळी का होईना, तुमचं अक्षर बघून बरं वाटलं. वरती "वन्सं" वाचून मी दुकानातच बसले खुर्चीवर. मला वन्सं म्हणणारं आता कोणी नाही.

तुम्ही म्हणता तसं मी समजले: जिथे तुम्ही कामाला लागला आहात त्या आजारी माणसांच्या निवासात तुम्हाला महिनाभर बघून मग कायम करणार. तुम्ही तिथे सांगितलंत की सासूबाईंना मी बोलतं केलं. त्यांनी आमच्या हॉस्पिटलला विचारलं. हॉस्पिटलने कळवलं की हे काम पेशंटच्या मुलीने केलं, सुनेची कुठे नोंद नाही. आणि आता तिथल्या मुख्य बाई तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. मी हॉस्पिटलकडून एक चिठ्ठी मिळवून द्यावी, एवढंच तुम्ही मागितलंत.

मी त्याच दिवशी गेले. जसं घडलं तसं लिहिते. माझ्यावर रागवा, पण पूर्ण वाचा.

गेटवरच्या खिडकीत तेच गृहस्थ आहेत, पास देणारे. नाकावरून सारखा घसरणारा चष्मा. मी म्हटलं, "माझ्या नावाच्या पासवर दुसरी व्यक्ती यायची, त्याची नोंद करून हवी आहे."

"पास तुमचा?"

"हो."

"रोजची सही तुमची?"

"नाही. माझ्या वहिनींची."

"वहिनींची सही. तुमच्या नावाने."

"हो. तुमचाच नियम होता ना, रक्ताचं नातं लागतं."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, तुम्ही कौतुक करायला आलात की तक्रार करायला?"

"कौतुक."

"ह्याला खोटी सही म्हणतात. तोतयेगिरी. मला आता हे वर कळवावं लागेल."

"नका कळवू. मी काही बोललेच नाही असं समजा."

"आता कानावर पडलं," ते म्हणाले. "कानाला झाकण आहे का?"

मी म्हटलं, मग मलाही शिक्षा करा, पास मीच दिला होता. ते म्हणाले, "तुम्ही काय, मुलगी. तुमचा पास, तुमची आई. तुमची फसवणूक झाली." मी म्हटलं, माझी कसलीही फसवणूक झालेली नाही. मागे रांग वाढली होती. एका आजोबांना चाकाच्या खुर्चीत धरून त्यांचा मुलगा उभा होता, तो म्हणाला, "मावशी, घरचं भांडण घरी मिटवा की." मी बाजूला झाले.

डॉक्टरीणबाईंकडे वर गेले. परदेशातून जुन्या बाईंचं उत्तर आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते आपल्या फोनमधून मला वाचून दाखवलं. "हो, मला ती चांगली आठवते. मुलगीच होती. तिने स्वतः मला सांगितलं होतं. फार हुशार आणि धीराची. माझा नमस्कार सांगा."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे असं प्रेमाने पाहिलं की मला रडू आलं. त्या म्हणाल्या, रडा, मोकळ्या व्हा.

तुमच्या निवासात मी फोन केला होता. मुख्य बाई बाहेर गेल्या होत्या. पुन्हा करते. दादाशीही बोलते. तुम्ही काळजी करू नका असं लिहिणार होते, पण ते लिहायला मी कोण.

वन्सं


२६ फेब्रुवारी

वहिनी,

काल दादाशी बोलले. तो कामावर जायच्या आधी जेवत होता. मी ताटात वाढताना म्हटलं, "दोन ओळी लिहून दे. हिने माझ्या आईचं सगळं केलं, एवढंच."

"आणि आई पडली ते?"

"ते नको लिहूस."

"म्हणजे खोटं लिहू?"

"अर्धं लिही."

"अर्धी लिफ्ट दुरुस्त केलेली चालते का गं तुला? चढशील?"

मी भाजी वाढली. तोच पुढे बोलायला लागला. "ती घरात होती. आई पडली. सगळ्या गल्लीला माहीत आहे. आणि जाताना आईची कात्रीसुद्धा घेऊन गेली. शिवणाची, चांगली, आजीच्या वेळची."

"वहिनी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेल्या होत्या. औषधाच्या गोळीसाठी. आई आपली आपण उठली, मशीनपर्यंत जायला. ह्यात चूक कोणाची? कोणाचीच नाही."

त्याने घास खाली ठेवला. वहिनी, दादा कधी भरल्या ताटावरून उठत नाही, तुम्हाला माहीत आहे. काल उठला. हात धुतले आणि नळाकडे तोंड करूनच म्हणाला, "कोणाचीच नाही कशी? मी आतल्या खोलीत झोपलो होतो. आईने हाक मारली असेल तर? तेव्हा तिला हाक मारता येत होती. तुझ्या वहिनीनेच शिकवली होती. मुकी असती तर मी म्हटलं असतं, बिचारीला ओरडता आलं नाही. आता काय म्हणू?"

मी त्याला रुमाल दिला.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं आहे. तुम्ही गेल्यानंतर दादा आईजवळ बसला की आई त्याला एकच शब्द म्हणायची. "उसव." त्याला वाटलं, तिला हाताला काही काम हवं आहे. त्याने आपला जुना शर्ट आणि ब्लेड आणून दिलं. तिने शर्ट बाजूला सारला आणि त्याच्याकडे बघून पुन्हा म्हणाली, "उसव." मग तो तिच्याजवळ बसायचा कमी झाला. काल मी त्याला त्याची आठवण करून दिली. तो म्हणाला, "कळत होतं मला. तुझ्या वहिनीला लावलेला दोष उसवायचा होता तिला, शर्ट नव्हे, हे काय मला कळत नाही? शिंपिणीचा मुलगा आहे मी. पण उसवलं तरी टाक्यांची भोकं राहतात."

चिठ्ठी त्याने लिहिली नाही. जाताना दारात थांबून विचारलं, "बरी आहे का ती?" मी म्हटलं, बरी नाही, म्हणून तर मागते आहे. तो खाली उतरून गेला. लिफ्ट असून जिन्यानेच.

मी स्वतः निवासाला पत्र टाकलं आहे. माझ्या परीने सगळं लिहिलं. मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही, पण खरं लिहिलं.

वन्सं


५ मार्च

वहिनी,

काल हॉस्पिटलात पुस्तिकेचा कार्यक्रम झाला. मी जाणार नव्हते. मग विचार केला, तिथे माणसं असतील, डॉक्टर असतील, तिथे उभं राहून मोठ्याने बोलले तर कोणाला तरी ऐकावं लागेल. मी आयुष्यात चार माणसांसमोर बोललेले नाही. दुकानात गिऱ्हाइकाशीसुद्धा दुसरी मुलगी बोलते, मी मागे काचा घासते. तरी गेले.

दारात पुस्तिका वाटत होते. पहिल्याच पानावर छापलं आहे, "एका मुलीने आपल्या आईसाठी शोधलेली पद्धत." मला आपले सिनेमाचे दिवस आठवले. सिनेमा संपला, दिवे लागले, झाडूवाला आला तरी आई खुर्चीतून उठायची नाही. "थांबा गं, कपडे कोणी शिवले ते शेवटी बारीक अक्षरात येतं." दादा चिडायचा. तुम्ही पिशव्या घेऊन उभ्या राहायचात आणि म्हणायचात, "आई, वाचा लवकर, नाहीतर आपल्यालाही झाडून टाकतील." शिंप्याचं नाव दिसलं की ती मान हलवायची आणि मगच उठायची. मी ती पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत पाहिली. कागद कोणी पुरवला तेही आहे. तुम्ही नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला बोलायला बोलावलं. मी ध्वनिक्षेपकापासून लांब उभी राहिले तर कोणीतरी येऊन तो माझ्या तोंडाशी आणला. मी म्हटलं, "ही पद्धत माझी नाही. माझ्या वहिनींची आहे. माझ्या पासवर त्या येत होत्या. मी काही केलेलं नाही. पुस्तिकेत चूक झाली आहे."

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी टाळी वाजवली आणि मग सगळा हॉल वाजवायला लागला. मला वाटलं, ऐकलं ह्यांनी. मग एक मोठे डॉक्टर उठले, हातात ध्वनिक्षेपक घेतला आणि म्हणाले, "आजच्या काळात जो तो दुसऱ्याचं श्रेय स्वतःकडे ओढतो. आणि इथे एक नणंद स्वतःचं श्रेय भावजयीला देऊन टाकते आहे! नणंद!" लोक हसले, आणखी जोरात टाळ्या झाल्या.

मी म्हटलं, "देऊन टाकत नाही हो, तिचंच आहे." ते टाळ्यांत गेलं.

ह्यापुढचं लिहायला मला लाज वाटते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता ताई एका पेशंटवर दाखवतील. एका सुताराला खुर्चीत आणून बसवलं. म्हातारे गृहस्थ, हात अजून दणकट, तोंडातून अक्षर नाही. टेबलावर लाकडाची फळी आणि करवत ठेवली होती. मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, आता सगळ्यांना डोळ्यांनी दिसेल की हिला काही येत नाही. मी करवत उचलली. वहिनी, देवाशपथ, मी मुद्दाम काही केलं नाही. मी आयुष्यात करवत धरलेली नाही. ती मी उलटी धरली. दात वर, पाठ फळीवर. आणि तशीच घासायला लागले.

सुतार माझ्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा आईसारखाच लाल झाला. ओठ हलले. मग हात पुढे करून ते म्हणाले, "दात. दात... खाली."

त्यांची बायको मागे उभी होती. ती धावत माझ्या पाया पडायला आली. मी तिचे हात धरले. मी तिला म्हटलं, "बाई, मला खरंच करवत धरता येत नाही." ती रडत म्हणाली, "देव तुमच्या हाताला असंच यश देवो."

हॉलमधल्या टाळ्या थांबेपर्यंत मी तिथेच उभी होते. सुतार मला अजून रागावत होते. "दात खाली. दात खाली." तेवढा एकच माणूस माझ्याशी खरं बोलत होता. मला त्यांचं फार बरं वाटलं, आणि ते तुमचंच आहे हेही मला ठाऊक होतं. दोन्ही एकदमच वाटलं.

आज दुपारी दुकानात फोन आला. तुमच्या निवासातल्या मुख्य बाई. मी म्हटलं, बरं झालं, मीच तुम्हाला पत्र लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "मिळालं. फार सुंदर पत्र आहे. पण हॉस्पिटलने आम्हाला त्या सह्यांबद्दलही कळवलंय. तुम्ही तुमच्या माणसाला पाठीशी घालणार, ते आम्ही समजू शकतो. आमच्याकडे आजारी माणसं असतात. जी दुसऱ्याच्या नावाने सही करते तिच्या हातात आम्ही ती कशी द्यायची?"

"पण काम तिनेच केलं."

"तुम्ही काल दाखवलंत ते आमच्या कानावर आलं," त्या म्हणाल्या. "मी त्यासाठीच फोन केला. ती जागा आता रिकामी झाली आहे. तुम्ही याल का?"

मला आधी समजलंच नाही त्या काय म्हणतात ते. समजल्यावर मी म्हटलं, "नाही." त्यांनी विचार करायला वेळ दिला. मी पुन्हा नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखी माणसं अशीच असतात."

वहिनी, आई पडली तो दोष एका दुपारीत तुमच्या नावावर चढला. त्याला कोणी नोंद मागितली नाही, सही मागितली नाही, साक्ष मागितली नाही. आणि हे दुसरं मी दोन्ही हातांनी उचलून तुमच्या दाराशी नेते आहे तर ते माझ्याच अंगाला चिकटतं. मी काय करू ते सांगा.

वन्सं


१७ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र आलं. मी ते इतकं वाचलं की पाठ झालं आहे, म्हणून परत लिहून काढलं तर चालेल ना.

"वन्सं, तुमची सगळी पत्रं मिळाली. आता आणखी काही करू नका. तुम्ही केलं की वाढतं. मला कपड्यांच्या कारखान्यात काम मिळालं आहे, काज-बटणाच्या टेबलावर. इथे कोणाला बोलतं करायचं नाही, बोललं तर ओरडतात. मुकादम बाई म्हणते, हात चांगला आहे, कुठे शिकलीस? मी म्हटलं, सासूकडे. ती म्हणाली, थापा मारू नकोस, सासू कधी काही शिकवते का? मी हसले. सुतारांचं वाचून मी टेबलावर डोकं ठेवून हसले आणि मग रडले. ते आणखी काही बोलले तर मला कळवा. आईंची कात्री माझ्याकडे आहे. मी निघाले तेव्हा त्यांनीच पिशवीत घातली. तुम्हाला हवी असेल तर पाठवते."

कात्री तुमच्याकडेच राहू द्या. आईने घातली असं तुम्ही म्हणता, मला तेवढं पुरे. तुमचा शब्द मला पुरतो. माझा शब्दच कोणाला पुरत नाही, त्याला काय करणार.

सुतारांची चौकशी केली. आता ते बायकोला बरंच काही बोलतात म्हणे, बहुतेक रागावून. परवा त्यांनी तिला स्वयंपाकघराच्या फळीबद्दल पूर्ण वाक्य सांगितलं, "ही वाकडी कोणी मारली?" ती मारली होती त्यांनीच, झटका यायच्या आधी. त्यांच्या बायकोला मी तुमचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "हो हो, तुमच्या वहिनी. त्यांनाही देव सुखी ठेवो." त्यांनाही. मी तेवढं घेतलं.

हॉस्पिटलात पुस्तिका दुसऱ्यांदा छापणार आहेत. मी डॉक्टरीणबाईंना लिहून दिलं आहे की माझं नाव काढा. तुमचं घालत नसाल तर कोणाचंच नको. त्यांनी उत्तर दिलं की मग त्या सुरुवातीला माझ्या साधेपणाबद्दल दोन ओळी घालतील. मी आता तिथे जाणं बंद केलं आहे.

दादाने रविवारी आईच्या मशीनला तेल घातलं. न सांगता. मी विचारलं, कोण चालवणार? तो म्हणाला, "गंजू नये म्हणून." तुमचं पत्र मी टेबलावर पाकिटाबाहेरच ठेवलं होतं. त्याने वाचलं असेल. पत्र जिथे ठेवलं होतं तिथेच होतं, घडी मात्र वेगळी होती. ह्यातून काही निघेल असं मी म्हणत नाही. तुम्हीही धरून बसू नका.

तुम्ही लिहिलंत, काही करू नका. बरं. मला दुसरं काही करताही येत नाही. पत्र लिहीन. तुम्ही उत्तर दिलंत तर ठीक, नाही दिलंत तरी लिहीन.

आज दुकान बंद होतं. दादा कामावर गेला आहे. माझ्या कामाच्या डगल्याचं बटण परवापासून लोंबत होतं, ते लावायला खिडकीशी बसले. दोरा सुईत ओवायला बराच वेळ लागला. गाठ खालून मारायची, वर दिसता कामा नये, एवढं आईचं लक्षात आहे. बटण जरा बाजूला लागलं. काजापासून बोटभर लांब. मी डगला हातात धरून थोडा वेळ तशीच बसले.

कोणी काही बोललं नाही. मग मी दोरा दातांनी तोडला.

वन्सं